शनिवारचा घाणा

या सदरातला प्रत्येक अनुभव "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" या वाक्याने सुरू होतो. ते वाचलं की मी दर वेळी मनात म्हणते, झालं, आता ही बया तिन्हीसांजेला पिंपळाखाली जाणार. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली, तर दुसरं वाक्य सुचत नाही. माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही... पण जे झालं ते मी लख्ख उन्हात, भर दुपारी, दहा-बारा माणसांच्या देखत पाहिलंय. पिंपळबिंपळ काही नव्हता.

मी पेणला राहते. वाहन विम्याची सर्व्हेयर आहे. हायवेवर गाडी ठोकली की मालक सांगतो, "मॅडम, समोरून गाय आली हो." मग मी जाऊन बघते, खरंच गाय आली होती की साहेबांना डुलकी लागली होती. बहुतेक वेळा डुलकीच असते. सांगायचा मुद्दा एवढाच, की 'आपोआप झालं' हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज खोडून काढते.

माझा नवरा सुधीर मात्र अगदी उलटा. बँकेत नोकरी, आणि वेड जुन्या घरांचं. लग्नाला पंचवीस वर्षं होतील, पण एक सुट्टी आम्ही साध्या हॉटेलात घालवली असेल तर शपथ. कुठलं तरी जुनं घर, कुणाची तरी बाग, चिरेबंदी विहीर, पडकी वखार. हा तिथे मांडी ठोकून बसणार आणि काळ्या शाईच्या पेनाने चित्र काढणार. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. एक एक कौल मोजून काढल्यासारखं. मी बाजूला बसून डास मारणार. कितीही कुरकुर केली तरी मला त्याचं ते चित्र काढणं आवडायचं, हे इथे सांगून टाकते. त्याचा उजवा हात कागदावर चालताना बघत बसणं हीच माझी सहल असायची.

गेल्या थंडीत त्याला कुणीतरी नागावजवळच्या एका घराबद्दल सांगितलं. घराची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ भोगावं लागलंय. परागने, म्हणजे या घराच्या मालकाने, बरीच वर्षं इंग्लंडात नोकरी केली. तिथे खेड्यापाड्यांतली जुनी घरं आणि बागा किती निगुतीने जपतात, तिकीट काढून लोक कसे बघायला येतात, बघून झाल्यावर बागेत बसून चहा-केक कसा खातात, हे सगळं तो दर रविवारी जाऊन बघायचा. परत आल्यावर त्याने इथे नारळ-सुपारीच्या वाडीतलं एक जुनं घर घेतलं आणि तस्सं केलं. दारात तिकीट. खुर्च्यांना दोरी बांधलेली, बसायचं नाही. वाडीत आखीव पायवाटा, जायफळाच्या झाडाला नावाची पाटी. आणि शेवटी चहा आणि ओल्या नारळाचा केक, तोही चांगला होता.

घर मुळात बेने इस्राएल कुटुंबाचं होतं. आमच्या किनाऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: हे आपले मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काही झालं तरी घाणा बंद. म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली'च म्हणत. त्या घरातली माणसं कधीच इस्राएलला गेली, पण मागच्या पडवीत घाणा तसाच होता. परागने सुतार आणून तो दुरुस्त केला, बैल घेतला आणि घाणा पुन्हा सुरू केला.

पडवीच्या खांबावर पाटी होती, फार सुंदर अक्षरात. या घाण्याने चार पिढ्यांत एकही शनिवार पाहिला नाही, असं काहीसं. आणि तिच्या खाली दुसरी छोटी पाटी: घाण्याचे प्रात्यक्षिक, दर शनिवार-रविवार.

मी सुधीरला कोपराने ढोसलं. "वाचलंस का? आज कुठला वार?"

तो हसायला लागला. परागने ते ऐकलं. चांगला माणूस होता, ओशाळला थोडा. म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण सोमवारी कोण येतं सांगा. लोक मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरतात ते शनिवारी सकाळी. त्यांना घाणा नाही दाखवला तर मग बघायचं काय?"

मलाही ते पटलं. जुनं जपायचं म्हणून सगळं जपलं, फक्त ते ज्या एका गोष्टीसाठी ओळखलं जायचं तेवढीच सोडली. आपण सगळे असेच आहोत.

लाकडी घाणा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी चार ओळी. जमिनीत पुरलेलं कमरेएवढं लाकडी उखळ. त्यात माणसाहून उंच, जाडजूड लाट तिरकी उभी असते. लाटेला जोडलेला लांब आडवा दांडा, तो बैल गोल ओढतो आणि लाट उखळात फिरून खोबरं चिरडते. दांड्यावर, उखळाला लागून, एक फळी असते. तिच्यावर तेली वजनाला बसतो आणि काठीने खोबरं लाटेखाली सारत राहतो. खाली तोटी, तिच्यातून तेल.

त्या दिवशी बैल उठेना. बैलवाला गजा त्याला चुचकारत होता, शेपटी पिळत होता, पण तो पाय पोटाशी घेऊन बसला तो बसलाच. लोक फोन काढून उभे. परागने विचारलं, "काय रे, आजारी आहे का?"

"आजारी काय न्हाय," गजा म्हणाला. "पेंड जास्त खाल्लीन सकाली. आता सुस्त झालाय. दोन तास तरी न्हाय उठाचा."

म्हणजे बैलाला 'कळलं' वगैरे मी म्हणत नाही. पेंड जास्त झाली होती.

तेव्हा परागलाच ती कल्पना सुचली. बैल नसेल तर माणसं ढकलतील, तुम्हीच अनुभव घ्या. लोक खूश. ठाण्याचे दोन भाऊ, एक चष्मेवाला प्रोफेसर आणि पराग स्वतः दांड्याला भिडले. वजनाला कुणीतरी अंगापिंडाने भरलेला हवा होता, म्हणून सगळ्यांनी सुधीरला फळीवर चढवलं. त्याने वही माझ्याकडे दिली आणि काठी हातात घेतली.

"घाण्याचा बैल म्हणतेस ना मला? आज बघ, मी वर आणि बैल खाली," तो म्हणाला.

घाणा फिरला. करकर, करकर असा मोठा आवाज. खोबऱ्याचा गोड वास सुटला आणि तोटीतून पहिली धार आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. ढकलणारे चौघे घामाघूम, धापा टाकत हसत होते, कारण घाणा काही हलका नसतो.

मग तो हलका झाला. मला दुसरा शब्द सुचत नाही. त्यांची पावलं भरभर पडायला लागली, मग ते पळायला लागले. आधी मला वाटलं, हौस आलीय. प्रोफेसर ओरडले, "अहो, हळू, कोण ढकलतंय एवढं?" ठाण्याचा थोरला भाऊ म्हणाला, "मी नाही, मी नाही." प्रत्येकाला वाटत होतं दुसरा जोर लावतोय. सुधीरने काठी टाकून फळीची कड धरली. त्याचा चेहरा मला फेरीगणिक एकदा दिसायचा, आणि दर वेळी त्यातलं हसू कमी झालेलं असायचं.

परागचा पाय घसरला. तो तोंडावर पडला आणि दांडा त्याच्या अंगावरून गेला. तो उठून गुडघ्यावर आला एवढ्यात दांडा फिरून परत आला आणि त्याच्या जबड्यावर बसला. तो आवाज मी विसरू शकत नाही. ओलं लाकूड फोडल्यासारखा. दात जमिनीवर पडलेले मला दिसले. एव्हाना बाकीच्या तिघांनी दांडा सोडला होता. धाकटा भाऊ बाहेर उडी मारायला गेला तर दांड्याने त्याला खांद्यावर असं उडवलं की तो खांबावर जाऊन आदळला आणि ती सुंदर अक्षरांची पाटी त्याच्या अंगावर पडली.

आता दांड्याला कुणाचाच हात नव्हता. आणि घाणा फिरत होता... जोरात.

सुधीर ओरडला. माझं नाव नाही, काहीच नाही, नुसता ओरडला. त्याचा उजवा हात उखळात गेला होता.

मी धावले. दांडा माझ्या बरगड्यांवर बसला, मी पडले, उठले, पुन्हा धावले. कशी चढले माहीत नाही, पण मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि जीव खाऊन मागे ओढायला लागले. माझे पाय जमिनीवरून फरफटत होते. गजा पहार घेऊन आला आणि त्याने ती दांड्याच्या वाटेत जमिनीत रोवली. पहार अशी वाकून उडाली की गजाच्याच मांडीत घुसली. तो शिव्या देत देत खाली बसला. बायका किंचाळत होत्या. सुधीर माझ्या मिठीत थरथरत होता आणि एकच बोलत होता, "सोड, अरे सोड, सोड ना रे." मला वाटलं मला म्हणतोय. पण मला तो 'अरे' कशाला म्हणेल?

मी खाली बघितलं तर तोटीतून धार चालूच होती. ती लाल होती.

मग घाणा थांबला. हळूहळू थांबला नाही, एकदम. आम्ही दोघंही त्या झटक्याने मागे फेकलो गेलो आणि त्याचा हात बाहेर आला. जे बाहेर आलं ते वर्णन करत नाही. पराग नाकातोंडातून रक्त गाळत रांगत होता. आणि तेवढ्यात बैल उठला, कान झाडले, आणि आपला शांतपणे कडब्याला तोंड लावून उभा राहिला.

अलिबागला हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथून मुंबईला. सुधीरची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. परागच्या जबड्यात धातूची पट्टी आहे, गजा काठी घेऊन चालतो. माझ्या बरगड्या जुळल्या. पोलीस आले, पंचनामा झाला, आणि त्यात जे लिहायला हवं तेच लिहिलं: हौशी लोकांनी बेसुमार जोर लावला, वेग आवरला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

पण मी मी आहे. श्वास घेताना दुखायचं बंद झाल्याबरोबर मी तिथे परत गेले. परागने परवानगी दिली, म्हणजे कागदावर लिहून दिली, कारण त्याला बोलता येत नव्हतं. गावातली चार दणकट माणसं घेतली. खोबरं घातलं, घाणा पळवायला लावला आणि ओरडले, "सोडा!" त्यांनी सोडला. घाणा पाऊलभरही पुढे गेला नाही, जागच्या जागी रुतला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. गजा ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "ताई, घाना जोरावर चालतो, येगावर न्हाय. सोडलात की मेला." चाक उतारावर धावतं, घाणा धावत नाही, हे तेव्हा मला डोळ्यांदेखत कळलं. मग त्या दिवशी कोण ढकलत होतं? कुणीच नव्हतं. एका बाईच्या फोनमध्ये थोडं चित्रण आहे, ते मी पाहिलंय. त्यात दांडा फिरतोय आणि त्याला कुणाचाही हात नाही. मग फोन पडतो आणि नुसतं आढं दिसतं.

गावात अर्थातच बोलायला लागले, की शनवार तेल्यांनी धडा शिकवला. मला ते ऐकून आधी बरं वाटलं. निदान काहीतरी कारण. म्हणून मी अलिबागला फ्लोरामावशीकडे गेले. ती माझ्या आईची शाळेतली मैत्रीण, बेने इस्राएल, ऐंशीच्या घरातली, जीभ अजून तिखट. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि मग माझ्यावर भडकली.

"आमच्या मेलेल्या माणसांवर घेऊ नकोस हं, मीनल. शनवार आपला आपण पाळायचा असतो. दुसऱ्याने नाही पाळला म्हणून त्याचा हात चिरडायला कुणी सांगितलंय? माझ्या आज्याचा घाणा होता. शेजारची कुणबीण शनवारी तेल मागायला आली तर तो उठून बरणीतलं देत असे, पैसे रविवारी घेत असे. विसाव्याचा दिवस तो. माणसाला विसावा, बैलाला विसावा. असली माणसं मारतात होय?"

"मग कोण होतं मावशी?"

"मला काय विचारतेस? आमचं कुणी नव्हतं, एवढं सांगते," ती म्हणाली. आणि मग माझा हात धरून रडायला लागली, कारण सुधीरने एकदा तिच्या घराचंही चित्र काढून तिला दिलं होतं. त्या दिवशी मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडले. तोवर वेळच मिळाला नव्हता.

तिचं म्हणणं मला पटतं. म्हणजे तेही कारण गेलं.

आता खरं सांगायचं ते सांगते. बोटं गेल्याचं सुधीरने विलक्षण धीराने घेतलं. पण तो झोपेना. दिवसा नाही, रात्री नाही. डोळा लागला की दचकून उजवा हात छातीशी घ्यायचा. वजन उतरलं, बँकेत आकडे चुकायला लागले. औषधं झाली, डॉक्टर झाले. शेवटी एका दुपारी, मी भाजी निवडत होते तेव्हा, त्याने सांगितलं. त्या दिवशी त्याचा हात लाटेखाली घसरला नव्हता. कुणीतरी धरला होता, कोपराच्या खाली. तो कुणीतरी त्याला दिसला नाही, पण पकड जाणवली, आणि हातावर त्याच्या खुणा उमटल्या.

खुणा मी आधीच पाहिल्या होत्या, पहिल्या पट्टीच्या वेळीच. पट्टीच्या वर, पुढच्या हातावर, चार ओरखडे एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच धरलं असेल. मी तर कमरेला धरलं होतं, आणि माझी नखं कायम कापलेली असतात. शिवाय त्या ओरखड्यांमधलं अंतर माझ्या पंज्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. सुधीरच्याही.

"तू रोज ठोकलेल्या गाड्यांवरचे ओरखडे वाचतेस," तो म्हणाला. "ते ओरखडे बघून सांग मला. जो कुणी होता तो मला बाहेर ओढत होता का? की आत ढकलत होता? मी 'सोड, सोड' म्हणत होतो. जर तो वाचवायला आला असेल आणि मीच त्याला सोड म्हणत असेन... आणि जर तसं नसेल, तर मला ह्या घरात एकट्याने बसवत नाही."

त्याने बाही वर केली. खुणा पुसट झाल्या होत्या, पण होत्या. मी चष्मा लावला, खिडकीशी नेऊन त्याचा हात उन्हात धरला आणि खूप वेळ बघितलं. ओरखडा जिथे सुरू होतो तिथे खोल असतो, संपतो तिथे पातळ. कुणी त्याला बाहेर, माझ्याकडे ओढत असतं, तर नखं मनगटाकडून सुरू होऊन कोपराकडे घसरली असती.

"बाहेर ओढत होता," मी म्हणाले. "स्पष्ट दिसतंय. बाहेरच."

त्याने डोळे मिटले. मोठा श्वास सोडला आणि तिथेच सोफ्यावर आडवा झाला. संध्याकाळपर्यंत गाढ झोपला होता. गेले काही महिने तो बरा आहे. जेवतो, हसतो. डाव्या हाताने रेघा मारायला बसतो, वाकड्यातिकड्या, आणि मी शेजारी बसून बघते. कुणी विचारलं तर सांगतो, मला कुणीतरी वाचवलं. शनिवारी कुणा अनोळखी माणसासाठी देवापुढे दिवा लावतो.

ओरखडे कोपराकडे खोल होते. मनगटाकडे पातळ होत गेले होते. पाचही.

कोण होतं, का आलं, आणि एकदम सोडून का दिलं, याचा मला आजवर काहीही उलगडा झालेला नाही. सुधीर या सदराला 'भुतांचं पान' म्हणतो आणि न वाचता उलटतो, म्हणूनच हे इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, पण मासिकाच्या पत्त्यावर. आमच्या घरचं टपाल तो उघडतो.